डॉलरचं भोक

पीचम, व्हरमाँट
३ मार्च १९५८

भोक बुजवलंस ते बुजवलंस, वर फोटो पाठवून शाबासकी मागतोस?

चि. वेन्डेल, आजीचा आशीर्वाद आहेच, पण आज जरा जपून वापर. १७९५चा तो चांदीचा डॉलर मी तुझ्या तान्ह्या जुडिथच्या गळ्यासाठी दिला होता, तुझ्या नाण्यांच्या मखमली खणासाठी नव्हे. माझ्या सासऱ्यांनी लोहारशाळेत त्याला भोक पाडलं, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पोराने दात येताना तो चघळला. तूही. तेव्हा तो दुर्मिळ आहे हे तुला सुचलं नव्हतं, लाळ तेवढी गाळत होतास. तुझी बायको कोरीन लिहिते की पोरगी हिरड्या शिवशिवून घर डोक्यावर घेते आणि तू तिला रबराची कडी आणून दिलीस. रबर कुत्र्याला देतात.

डॉलर बाळाकडे जाणार की नाही, एवढंच कळव.

तुझी आजी,
अल्मायरा


हार्टफर्ड
९ मार्च

ती. आजीस वेन्डेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र कोरीनने मोठ्याने वाचलं, दोनदा. कुत्र्याच्या वाक्याला ती हसली, मी नाही. भोक बुजवणारा कारागीर फार हुशार, नाण्यावरच्या बाईचे मोकळे केससुद्धा त्याने पुन्हा कोरले. काळपटपणा मीच सोड्याने घासून काढला. आमच्या नाणेमंडळाच्या प्रदर्शनात तो मधोमध मांडायचा होता. परीक्षक प्राउटीसाहेबांनी भिंग लावलं आणि डॉलर परत माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "भोक होतं तोवर हा खरा होता. आता आरसा झालाय, दाढी करायला घे." सगळी मंडळी हसली.

आता खणात शोभत नाही, आणि पुन्हा भोक पाडायला हात धजत नाही. एवढं जुनं नाणं, आजी. काय करू? रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
वेन्डेल


पीचम
१४ मार्च

चि. वेन्डेल, आशीर्वाद.

प्राउटी शहाणा दिसतो. त्याला मेपलच्या पाकाची एक बाटली माझ्याकडून दे.

हात धजत नाही म्हणे. सासऱ्यांनी पाडलं तेव्हाही नाणं जुनंच होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे जा. बाईच्या डोक्यावर, होतं तिथेच भोक पाडून घे. तोंडावर पडलं तर इकडे फिरकू नकोस. मग डॉलर उकळ, मेणाच्या दोऱ्यात ओव आणि पोरीला दे. चकाकीची काळजी नको, ती लाळेने उतरते.

उत्तर तुझं नको, तू पुन्हा फोटोच पाठवशील. कोरीनने डॉलरवर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि तो ठसा पाठवावा. भोकाची जागा कोरी दिसली की मला उत्तर पोचलं.

अल्मायरा