सोनाळ्याचा हिरवा चौकोन

३ मे, दुपार

…त्या सकाळी गोठा झाडला, लेंड्या टोपलीत भरल्या, ठिपकीची धार काढली, तिच्या दोन पिलांना बाभळीच्या शेंगा टाकल्या, चहा केला आणि दोन कप ओतले. मग एक परत भांड्यात ओतला. आमच्या मालकांना, जानरावांना, जाऊन दोन वर्षं झाली, हाताला अजून सांगावं लागतं. तेवढ्यात दारात जीप. विमा कंपनीच्या अश्विनी मॅडम, पुण्याच्या. बकरीवाल्यांना नवा विमा समजावून सांगायला वाचता येणारी बाई हवी होती. गावाने एकमताने माझं नाव सांगितलं. (गावातले जुने बकरीवाले पंजाबराव म्हणतात, बाकीच्या बाया लग्नाला गेल्या होत्या. जळतात.)

त्याला आज आठवडा झाला. मी आता प्रशिक्षिका आहे. ठिपकी ही जानरावांनी हाताने वाढवलेली शेवटची बकरी. ती राहिली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. म्हणून विम्यात पहिलं नाव तिचंच टाकलं. आता काळजी मिटली.

५ मे

पुस्तिका वाचून काढली. चौदा पानं. मला शाळेने नाही, किराण्याच्या पुड्यांनी वाचायला शिकवलं, त्यामुळे मला काहीच अवघड जात नाही. विमा असा: वरून उपग्रह आपल्या भागाचा एक चौकोन बघतो. सोनाळा आणि आसपासची गावं मिळून आपला चौकोन. त्यात चारा नेहमीपेक्षा कमी दिसला की चौकोनातल्या सगळ्यांना पैसे. कोणाची बकरी मेली, कोणाची जगली, कोणी विचारत नाही. विमा चाऱ्याचा, बकरीचा नाही. शेवटचं पान बारीक अक्षरात होतं, ते सोडलं. महत्त्वाचं असतं तर मोठं छापलं असतं.

संकल्प: पंधरा दिवसांत अख्खं गाव तयार करणे.

९ मे

पहिला वर्ग, समाजमंदिरात. चाळीस जण येणार होते. सहा आले, त्यातले दोन पंख्याखाली झोपायला. शेजारची शालूबाई पुढेच बसली होती, नऊ बकऱ्यांची मालकीण. तिने विचारलं, वाघाने बकरी नेली तं? मी म्हटलं, पैसे नाहीत. सापानं डसली तं? नाहीत. रोगानं मेली तं? नाहीत. मंग सिंधूबाई, म्हणे, इमा भेटाले बकरीनं मरावं तरी कसं?

सगळे हसले. झोपलेले दोघंही उठून हसले. मी शांतपणे सांगितलं की बकरीने मरण्याची गरजच नाही. त्यावर आणखी हसले. विषय त्यांच्या डोक्यावरून जातो आहे. धीर धरला पाहिजे.

१५ मे

आज वर्गाला पंजाबराव आले. साठ बकऱ्या, सत्तर वय, शाळा शून्य. आल्या आल्या विचारतात, तुमच्या उपग्रहाले गाजरगवत अन् चारा यातला फरक समजते काय? रान हिरवंगार अन् बकरी उपाशी, असं आमी लय डाव पाह्यलं. मी सांगितलं, उपग्रह शिकलेला आहे.

मग म्हणे, चौकोन कुठून कुठवर हाय ते दाखवा. नकाशा दाखवला. त्यांनी बोट फिरवून ठेवलं आणि सभेला सांगितलं, चार गावच्या बकऱ्या आठ दिवस या चौकोनात घाला. सफाचट करून टाकू. उपग्रहाले माती दिसली की पैसे घ्या, अन् मंग बाहेरचा चारा खाऊ निवांत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकाही वाक्याला अजून टाळी पडलेली नाही.

नोंद: पंजाबरावांना विषय अजिबात समजलेला नाही.

२४ मे

मॅडमनी दिलेला खेळ घेतला. खडे म्हणजे बकऱ्या. कवड्या टाकायच्या, उताण्या पडल्या तर चारा, पालथ्या पडल्या तर दुष्काळ. चार डाव झाले. मी चारही हरले, पण शिकवणाऱ्याने जिंकायचं नसतंच. चारही शालूबाईने जिंकले. ती दर डावाला थोडे खडे पदराखाली ठेवत होती. काऊन गं, विचारलं, तर म्हणे, चाऱ्याची काळजी कंपनी करन, बकरीची आपल्यालेच करा लागते. कंपनीच्या भरोशावर बकरी कोन सोडते बाई?

असा नियम खेळात नाही. मी तिला बाद केलं.

३ जून

जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर लस टोचायला गावात आले होते. आंत्रविषाराची लस, पावसाच्या आधी देतात. कोवळं गवत बकरीने हावऱ्यासारखं खाल्लं की पोटात विष होतं आणि ती घटकेत जाते, त्यावरची. अख्खं गाव बकऱ्या घेऊन रांगेत. शालूबाईने दारातून हाक मारली, सिंधूबाई, आण ना वं ठिपकीले! मी वर्गासाठी तक्ता रंगवत होते. निळा रंग नुकताच कालवला होता, वाळला असता.

शिवाय ठिपकीला सुईची भीती. जानराव तिचं तोंड काखेत धरून तिच्याशी बोलत राहायचे, तेव्हा कुठे ती टोचून घ्यायची. काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही.

शिवाय विमा आहेच. विमा चाऱ्याचा, बकरीचा नाही, हे मी वर्गात सांगते ते बरोबर आहे, पण ते सगळ्यांसाठी. कंपनी स्वतःच्या प्रशिक्षिकेची बकरी वाऱ्यावर सोडणार नाही. प्रशिक्षणाच्या दिवशी मॅडम मला चहाला थांबा म्हणाल्या होत्या.

तक्ता छान झाला.

२५ जून

वर्गाला कोणी नाही. सगळे पेरणीला. तक्त्यासमोर मीच बसले आणि धडा मोठ्याने वाचला. कुठेही अडले नाही.

रान हिरवं झालं आहे. पंजाबराव दव वाळेपर्यंत बकऱ्या सोडत नाहीत. आधी कोरडं कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, खाऊ घालतात, मग थोडा वेळ रानात, मग परत. जाताना मला म्हणाले, सिंधूबाई, पोट भरून सोडत जा, कोवळा चारा लबाड असते. मी ठिपकीला उजाडताच सोडते. चारा हा धोका नव्हेच. चारा कमी होणं हा धोका. पान सहा.

८ जुलै

ठिपकी सकाळी रानातून परत येताना पडली. पोट फुगलं होतं. पाय झाडले. शालूबाई पंजाबरावांना बोलवायला धावली. ते येईपर्यंत संपलं होतं. ते गुडघ्यावर बसले, तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, सुई टोचली होती का? मी म्हटलं, विमा आहे.

ते उठले आणि फावडं आणायला गेले.

पिलं वाचली. त्यांना मी अजून रानात सोडत नव्हते.

९ जुलै

शांत डोक्याने विचार केला. पूर्वीच्या विम्याला बकरी मेल्याचा पुरावा म्हणून बिल्ल्यासकट कान दाखवावा लागायचा. ठिपकीच्या कानात तेव्हाचा पिवळा बिल्ला होता, जानरावांनी मारून घेतलेला. काल पुरण्याआधी मी विळ्याने तो कान कापला आणि मिठात घालून बिस्किटाच्या बरणीत ठेवला. फक्त खबरदारी. शालूबाई शेजारी उभी होती. मला वाटलं आता टोमणा मारील. तिने खड्ड्यात माती लोटायला घेतली.

१४ जुलै

परवा मलकापूरला कंपनीच्या ऑफिसात गेले. दोन गाड्या बदलून. गाडीत शेजारी बसलेल्या बाईने मांडीवरची बरणी बघून विचारलं, लोणचं काय वं? मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे.

अश्विनी मॅडमनी बरणीचं झाकण उघडलं आणि लावलं. मग मोबाइल काढून आपला चौकोन दाखवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवा. म्हणाल्या, सिंधूताई, यंदा चारा सरासरीहून कितीतरी चांगला आहे. मी म्हटलं, त्यानेच तर मेली. मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, कान लागत नाही हे तुम्हीच शिकवता ना? मी म्हटलं, हो. बकरी मेली तरी पैसे नाहीत, हेही तुम्हीच ना? हो. मग?

मग काय, याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. मी म्हटलं, ती जानरावांची होती. मॅडमनी पाणी दिलं. माझी समजूत काढायला त्यांनी एक बातमी सांगितली. कंपनीने गावागावांतल्या बकरीवाल्यांची फोनवरून परीक्षा घेतली. चौकोनातल्या सगळ्या गावांत आमच्या गावाला विमा सर्वांत चांगला समजला आहे. शंभरातले एक्याण्णव. पंजाबरावांनी गाजरगवताचं विचारून पुण्याच्या साहेबांना निरुत्तर केलं. माझी परीक्षा घ्यायची राहून गेली होती. मॅडम म्हणाल्या, आता घेऊ या का? मी म्हटलं, नको.

घरी आले तर शालूबाईने पिलांना पाणी पाजलेलं होतं. मला म्हणाली, भाकर खाल्ली का? मी बरणी फळीवर ठेवली आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पिलं घेऊन सोनाळ्याच्या दवाखान्यात गेले आणि लस टोचून आणली.