टाचलेला खिसा

ती. बाबा,

वाकून नमस्कार. तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. बेटावर बारमाही उकाडा असला तरी खोलीत समुद्राचा वारा येतो, आईला काळजी करू नको म्हणावं. तुमचा गुडघा कसा आहे? मशीनवर सलग बसू नका.

तुम्ही शिवलेला कोट रोज घालतो, सगळे शिंपी कोण म्हणून विचारतात, असं मी चारदा लिहिलं. ते खोटं होतं. इथे प्राध्यापकसुद्धा चपला घालून शिकवतात. पहिल्या दिवशी कोट हातावर टाकून वर्गात गेलो, तर मुलं हसली. आल्यावर तो कपाटात कोंबला.

परवा काढला तर पाठभर बुरशी. दिवसभर भिंगाखाली शेवाळ तपासणारा मी, आणि माझ्याच कपाटात ही शेती! दमट हवेवर खापर फोडत इथल्या म्हाताऱ्या शिंप्याकडे नेला. त्याने कोट उलटसुलट केला, खिशात बोट घातलं. बोट आत गेलंच नाही.

"हवेला कशाला बोल लावतोस?" तो म्हणाला. "खिसा अजून टाचलेलाच आहे. एकदाही घातला नाहीस."

बाबा, तो तुमच्यासारखाच चष्म्यावरून बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोट साफ झालाय. खिशाचा टाका मी स्वतः उसवला. तो पिवळा दोरा या पाकिटात आहे. आईला दाखवू नका. तिच्या डब्यातला आहे, लगेच ओळखेल.

तुमचा,
थोरला