सेव-उसळीचा प्रश्न

बडोदे,
११ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षा,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरी असशील. अडीच वर्षांनी लिहायला बसलोय आणि पहिल्या ओळीलाच तीनदा उठून आलो. तुझी आई म्हणते, एक तर लिहा, नाहीतर येरझाऱ्या घाला.

तुझा मेसेज आला त्याला नऊ दिवस झाले. फोनवर चार वेळा उत्तर टाइप केलं आणि पुसलं. त्याबद्दल लिहितोच, आधी इकडची बातमी सांगतो.

रिफायनरीतून रिटायर झाल्यापासून घरात बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून सयाजीगंजात कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. हसू नकोस. सगळी कॉलेजची पोरं आणि त्यांच्यात मी एकटा टकलू. शिकवणारी सानवी तुझ्यापेक्षाही लहान, गुजराती मुलगी. काका म्हणते आणि चुकलो की सरळ ओरडते.

गेल्या आठवड्यात तिने प्रश्नमंजूषेचा प्रोग्रॅम करायला दिला. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर प्रश्न येतो, उत्तर टाइप करायचं, बरोबर आलं तर एक गुण, चुकलं तरी पुढचा प्रश्न. पाच प्रश्न झाले की एकूण गुण. सोपंच होतं, पण चुकलेल्याला पुढे सोडायचं हे काही मला पटेना. चौतीस वर्षं प्लांटवर काढली, तिथे असं चालत नाही. म्हणून मी बरोबर उत्तर येईपर्यंत तोच प्रश्न पुन्हा येईल असं करून ठेवलं.

तिसरा प्रश्न होता, बडोद्यातली सगळ्यात चांगली सेव-उसळ कुठली? उत्तर भरलं, पाणीगेट. तू लहान असताना रविवारी तिथेच जायचो आपण.

काल सानवी तपासायला बसली. तिने मांडवी लिहिलं. ‘चूक, पुन्हा सांगा.’ सयाजीगंज लिहिलं. ‘चूक, पुन्हा सांगा.’ आणखी चार ठिकाणं झाली. मी मागे उभा राहून गालातल्या गालात हसत होतो.

“काका, आ तो पसंदनो सवाल छे. एमां साचुं-खोटुं क्यांथी आव्युं?” आवडीच्या प्रश्नात खरं-खोटं कुठून आलं, असं तिचं म्हणणं.

“एक वार पाणीगेट लख ने, आगळ जशे,” मी म्हटलं. तेवढं लिहिलं की पुढचा प्रश्न येणार होता.

“पण मने ए नथी भावती. अने आमांथी नीकळवानो रस्तो ज नथी राख्यो तमे. बंध ज करवुं पडे.”

तिथली तिला आवडतच नाही, आणि बाहेर पडायला रस्ताच ठेवला नाही तर बंदच करावं लागेल, असं म्हणून तिने खरंच प्रोग्रॅम बंद केला. मी चालत घरी आलो. स्कूटर क्लासखालीच राहिली, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

संपतराव माझे प्लांटवरचे दोस्त. त्यांच्या नीलसाठी मी लग्नाचा शब्द देऊन बसलो, तुला न विचारता. मग तीन महिने रोज जेवताना एकच प्रश्न, काय ठरलं? तू नाही म्हणालीस, कारणं सांगितलीस, रडलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा, काय ठरलं? तू पुण्याला गेलीस तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो की पोरगी घर सोडून गेली. तिला दुसरी वाटच ठेवली नव्हती, हे कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही, पण तिला ते माहीतच होतं.

नील चांगलाच मुलगा आहे, हे मी आजही म्हणेन. पण तुला तो नको होता, तेवढं पुरे होतं. चुकलं माझं, पोरी. फार चुकलं.

तुझा मेसेज आज पुन्हा वाचला. ‘एकवीस तारखेला उत्कर्षशी रजिस्टर लग्न करतेय. याल का? नाही म्हणालात तरी चालेल, फक्त कळवा.’ असा प्रश्न मला जन्मात कधी विचारता आला नाही. तू कुठे शिकलीस कोण जाणे.

आईने बॅग भरली आहे, स्वतःच्या कपड्यांची. माझा कोसा रंगाचा झब्बा इस्त्री करून बॅगेशेजारी ठेवलाय, आत घातलेला नाही. मला काही विचारलंही नाही.

प्रोग्रॅम आज दुरुस्त केला. तिसऱ्या प्रश्नाला आता कुठलंही उत्तर चालतं.

माझं उत्तर हो आहे. मी नऊ दिवस लावले, तेवढ्यात तुझं मन बदललं असेल तर तसं कळव, झब्बा कपाटात ठेवीन आणि आई एकटी येईल. येऊ ना?

एकदाच विचारणारा,
तुझा बाबा