खाडीच्या तोंडी सासरेबुवा

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा आवाज कसा आहे ते विचारत नाही. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ ऐकू येतो. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. एरवी हे कुणी मुद्दाम कळवत नाही, पण या आठवड्यात कळवण्याजोगं झालं.

माझी नोकरी तुम्हाला कधी कळली नाही, म्हणून सांगतो: मी लाटा मोजतो. (हसू नका, पगार मिळतो.) खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला पाणी बाहेर धावत असतं आणि लाटांना नेमकं तेव्हाच आत यायचं असतं. अरुंद जिन्यात चढणारे आणि उतरणारे एकदम घुसले की जे होतं तेच तिथे होतं. लाटा आखडतात, भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि धाडकन फुटतात. वर फेस, खाली भोवरे. फेसात हवाच इतकी, की बोटीचा पंखा नुसता गरगरतो, बोट जागची हलत नाही. या धिंगाण्याचं माप घेणारं यंत्र तळाशी ठेवलंय, ते काढायला मी निघालो होतो.

तर आमचे सासरेबुवा. आयुष्यभर तलावात पोरांना पोहायला शिकवलं, आता निवृत्त. घरातलं नाव 'सल्लागार'. दोन दिवसांसाठी आले त्याला दोन महिने झाले. (भाजी चिरताना सल्ला, दाढी करताना सल्ला.) ''पाणी म्हणजे पाणी, त्यात मोजायचं काय?'' म्हणत तेही बोटीत चढले. बोट चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, ''भरती लागू द्या, मग जाऊ.'' पण सासऱ्यांना घाई! निघालो. यंत्राची खूण म्हणून सोडलेलं पिंप दिसलं, ते धरायला सासरे वाकले, तेवढ्यात मागून लाट फुटली, बोट आडवी झाली आणि सल्लागार गायब! मामा, आत वर कुठलं नि खाली कुठलं कळत नाही. कानात पिठाची गिरणी चालू, डोळ्यांपुढे दुधासारखं पांढरं, हात मारावा तर हाताला पाणीच लागत नाही, नुसता फेस. (असं त्यांनी नंतर सांगितलं.) डोकं एकदा वर आलं, पुन्हा गेलं. मी मागचापुढचा विचार न करता कॉलर धरून त्यांना ओढून काढलं. जावयाने आणखी काय करावं?

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : तुमची वरची खोली रिकामीच आहे ना? सासऱ्यांनी धसका घेतलाय. महिनाभर तिकडे पाठवू का? फार खात नाहीत. फक्त बोलतात.

ता. ता. क. : मामा, मी सूनबाई. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पाण्यात पडले ते हे. घाईही यांचीच, घरी जाऊन झोपायचं होतं. बाबांनी या वयात उडी मारली, ''भांडू नका पाण्याशी, अंग सोडा!'' असं ओरडत यांची कॉलर धरली आणि बाईंनी बोट वळवेपर्यंत यांना तरंगत ठेवलं. लाटा मोजणाऱ्याला पोहता येत नाही, हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बोटवाल्या बाईंकडून कळलं. बाबा इथेच राहतील, यांच्या ऑफिसने सगळ्यांना पोहायला शिकवायला त्यांना बोलावलंय. पहिल्या वर्गाच्या धास्तीने हेच तिकडे पळून येतील. आले की दारातूनच परत पाठवा.