पाणचक्की आणि एकशे वीस अंडी

३ मार्च
आजपासून नियमित रोजनिशी. मोठ्या शोधांची सुरुवात कशी झाली हे नंतर कुणालाच धड आठवत नाही, म्हणून.
शोध: घरामागच्या नदीवर पाणचक्की. जवळजवळ फुकट वीज, चोवीस तास. सात दिवस प्रवाह मोजला. रिकामी बाटली सोडायची, वीस पावलं, स्टॉपवॉच. रोज सकाळी बरोब्बर अकराला. सातही दिवस वेग तोच. विज्ञानक्षेत्रात पंधरा वर्षं काढल्याशिवाय ही शिस्त अंगी येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतो म्हणून काय झालं?

४ मार्च
बायकोने उबवणीच्या मशीनमध्ये एकशे वीस अंडी लावली. एकवीस दिवस एकसारखी ऊब हवी. पिल्लं नीट निघाली तर ती पॅकिंगची नोकरी सोडणार. आठ वर्षं उभ्याने काम करून पाय सुजतात तिचे. लाइट गेलीच तर पडवीत जुना जनरेटर आहे. आवाज भयंकर, धूर त्याहून.

६ मार्च
चक्कीला डायनामो हवा. घरात एकच, जनरेटरच्या पोटात. काढला. चक्की सुरू झाल्यावर जनरेटर लागतोय कुणाला? बायकोला सांगितलं नाही. सरप्राइज.

८ मार्च
सायकलचं चाक, त्याला रंगाचे डबे अर्धे कापून. सोळा. बोटही कापलं. धनुर्वाताचं इंजेक्शन.
मेहुणा आला होता. वायरमन आहे. वरच्या पॉवर हाउसबद्दल काहीतरी सांगायला लागला. भाऊजी, आधी ऐका तरी, म्हणाला. मी म्हटलं, खांबावर चढणं वेगळं आणि वीज निर्माण करणं वेगळं. चहा न घेताच गेला. लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

११ मार्च
बायकोने एक अंडं बल्बसमोर धरून दाखवलं. आत लाल शिरा, आणि मधोमध एक ठिपका. हलत होता. गलबलून आलं. ती म्हणाली, याला आता गारठू द्यायचं नाही. मी म्हटलं, शब्द दिला.

१३ मार्च, सकाळी ११.२०
चक्की फिरली! बल्ब लागला! नदीपासून थेट मशीनपर्यंत वायर ओढली. बटण मुद्दाम बसवलं नाही. चोवीस तासांची वीज बंद कशाला करायची? सध्या एकच बल्ब लागतो, पण सुरुवात सगळ्यांची लहानच असते.
बायको हसली. मग विचारलं, जनरेटर कुठाय? सांगितलं. इंजिन भंगारवाल्याला दिलं, हेही सांगितलं. तिने मशीनचं तापमान पाहिलं. मग म्हणाली, लाइट गेल्यावर चालेल ना हे? म्हटलं, त्यासाठीच तर केलंय.

१५ मार्च
दुपारी दोन तास लाइट नव्हती. सुवर्णसंधी! धावत नदीवर गेलो. नेमकं पाणी उतरलेलं, चक्की चिखलात. लाइट आली आणि पाऊण तासाने पाणीही आलं. योगायोग. बायकोने मशीनवर गोधड्या टाकल्या होत्या.

१७ मार्च
पुन्हा लाइट गेली. पुन्हा पाणी उतरलं. दुसरा योगायोग. चक्की आणखी खोल बसवायचा निर्णय. बायको म्हणाली, कुणाकडून तरी जनरेटर मागून आणा. म्हटलं, रविवारी बघतो. मागायला गेलो तर लोक हसतील, हे तिला कळत नाही.

१९ मार्च, दुपारी ४
सकाळी आठपासून लाइट नाही. नदीत गुडघाभर सोडा, घोटाभर पाणी नाही.
मेहुण्याला फोन केला. वरचं पॉवर हाउस दुरुस्तीसाठी बंद. तिथे वीज बनवून झाली की तेच पाणी आपल्या नदीत सोडतात. म्हणजे पॉवर हाउस बंद की लाइटही नाही आणि पाणीही नाही. हेच सांगत होतो, भाऊजी, म्हणाला. मग जरा ठणकावून सांगायचं की.
भंगारवाल्याकडे गेलो. इंजिन गेलं वितळायला. चार घरी जनरेटर मागितला. ज्यांच्याकडे होता त्यांना आज स्वतःलाच हवा होता. कुणी हसलं नाही.
बायको गरम पाण्याच्या बाटल्या अंड्यांच्या कडेने लावतेय. दर तासाला भरते, बदलते. मदत करू का, विचारलं. नको म्हणाली.

२० मार्च
सकाळी दहाला लाइट आली. सव्वीस तास झाले होते. मागोमाग पाणी. चक्की काय फिरतेय! इतका वेग आजवर मिळाला नव्हता. हे कुणाला सांगावं कळेना.

२१ मार्च, सकाळी ११
बायको म्हणाली, बघून टाकू. मशीनजवळचा बल्ब नेमका उडालेला. तुमचा आणा, म्हणाली. मी धरला, ती एकेक अंडं त्याच्यासमोर आणत गेली. शिरा विरलेल्या. आत नुसती सावली, हलत नाही. पहिला ट्रे संपल्यावर मला वाटलं ती थांबेल. तिने एकशे विसाव्या अंड्यापर्यंत सगळी पाहिली. उजेड एकदाही मिणमिणला नाही. माझी वीज पहिल्यांदा घरात उपयोगी पडली. मला रडू येत होतं.
ती हात पुसत म्हणाली, सोमवारपासून मी सकाळच्या शिफ्टला जाईन. मग म्हणाली, बंद करा आता तो बल्ब.
बटण नव्हतं.