झाकण नसलेला डबा

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस, ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे, गुडघे सोडून. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की शिलाईचं मशीन असंच पायाने हाकत राहिलात तर वर्षभरात पायही बसतील आणि धंदाही. मोटर लावून घ्या म्हणाले. जणू औषधांच्या कपाटात त्यांनी ती काढूनच ठेवली आहे.

तू लगेच पैसे पाठवायला निघशील. पाठवलेस तर परत येतील. माझी मोटर मी घेईन. तुला ठाऊकच आहे, बाही बेतायला मी रद्दीचे कागद वापरते आणि कापण्याआधी वाचून काढते. माझी सगळी शाळा त्या कागदांवरच झाली. परवा एका मासिकात आलं होतं, की रोजच्या बारीकसारीक खर्चातलं एकेक सोडायचं आणि त्याचे पैसे तिथल्या तिथे डब्यात टाकायचे. पुढचं माहीत नाही, कारण उरलेला लेख मीच आदल्या दिवशी घाईत, न वाचताच कॉलरीसाठी कापला होता. पण अर्ध्यावरही माझं भागेल.

तुझ्या नवरोबांना, त्या कुलूपवाल्यांना सांग, मला पत्र्याचा एक डबा करून द्या. वर फट हवी, झाकण नको. झाकण असलं की मी उघडणार. मी मला चांगली ओळखते.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

डबा पाठवते आहे. कुलपाशिवाय काही करायची आमच्या कुलूपवाल्यांवर पहिलीच वेळ, त्यामुळे दोन दिवस उदास होते. मग असा हुरूप आला की माझ्यासाठीही एक केला. माझा डबा तुझ्याकडे येण्याच्या तिकिटासाठी. भाऊजी वारले तेव्हा मी आले होते, त्यानंतर आपली भेटच नाही.

आणि माझी बचत जोरात आहे बरं का. हॉस्पिटलच्या धुलाईघरातून सुटले की टॅक्सीच्या रांगेपाशी जाते, एका टॅक्सीला नको म्हणते, बसने घरी येते आणि टॅक्सीचं भाडं डब्यात टाकते. काल तर तीन टॅक्स्यांना नको म्हटलं. त्यातला एक म्हणाला, बाई, मी तुम्हाला विचारलंच कुठे. घरखर्चाचे पैसे मात्र आजच संपले, ते कसे कोण जाणे. कुलूपवाले म्हणतात, तुझी बचत परवडेनाशी झाली.

ओरडायची असलीस तर ओरड, पण पत्रात.
तुझी धाकटी

१ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद, आणि पाठीत एक धपका.

अगं, टॅक्सीत तू बसलीस कधी? एकदा लग्नाच्या दिवशी, त्यातूनही मळमळतंय म्हणून अर्ध्या वाटेत उतरलीस. जे आपण घेतच नव्हतो ते सोडलं, तर ती बचत कसली? सोडायचं ते मनापासून हवंसं वाटणारं पाहिजे. कामावरून येताना गाडीवर उभी राहून तू रोज तळलेलं खातेस, ते सोड. मग कळेल.

मी कापड बाजारात चालत न जाता बसने जात असे, ते आता दिवसाआड केलं. गुडघ्यांसाठी पैसे जमवताना गुडघेच झिजायला नकोत. साबणाच्या चिपा दाबून वडी करते, ती सध्या तीन रंगांची आहे आणि तिचा वास कुठल्याच साबणासारखा नाही. दिवा लवकर मालवते. दूध तेवढं अर्धा लिटर लागतंच. डबा हलवला की पूर्वी खुळखुळायचा, आता नुसता दबका वाजतो. म्हणजे भरतोय.

नीट वाग, आणि मला विसरू नकोस.
ताई

११ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तळलेलं सोडलं. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या दिवशी गाडीवाला रस्ता ओलांडून तब्येत विचारायला आला. पण तुझा नियम खरा. डब्याला आता वजन आलंय आणि मला जरा कमी.

एक विचारू? रागावू नकोस. एकट्या बाईला अर्धा लिटर दूध कशाला लागतं? मांजर पाळलंस का? पाळलं असशील तर त्याच्याकडूनही काहीतरी सोडवून घे.

तुझी चौकस धाकटी

२९ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

मांजर नाही. सकाळी मी दोन कप चहा करते. एक माझा, एक ह्यांचा. ह्यांचा कप खिडकीत ठेवून मशीनवर बसते, आणि निवला की मीच पिते. तीन वर्षं झाली. सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे?

तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, नियम आपणच केला, आणि मनापासून हवंसं असलेलं हेच तर तेवढं उरलं आहे. सोमवारपासून एकच कप केला. दुसऱ्याचे पैसे डब्यात टाकले. बुधवारी वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांची पँट आखूड करायला घेतली. दोन्ही पाय एकमेकांना शिवले. दुहेरी शिलाई मारली, इस्त्री केली आणि घडी घालून पोचती केली.

गुरुवारी सकाळी साहेब दारात. वर काळा कोट, टाय, आणि खाली पलंगावरची फुलाफुलांची चादर. कोर्टाची वेळ झालेली. दुहेरी शिलाई काही पटकन उसवत नाही, म्हणून त्यांना स्टुलावर बसवलं. त्या दिवशी माझ्या हाताने आपोआपच दोन कपांचं आधण ठेवलं होतं. दुसरा कप त्यांना दिला. ते म्हणाले, इतक्या वर्षांच्या वकिलीत विरुद्ध बाजूच्या कुणी माझे पाय असे बांधले नव्हते. मला हसू आवरेना. त्यांनाही आवरेना, आणि चादर आवरायची होतीच.

ह्यांचा कप दुसऱ्या कुणी घेतला तर मला सोसणार नाही असं वाटायचं. पण हे असते तर ती चादर बघून जमिनीवर लोळले असते. मी हसता हसता बराच वेळ डोळे पुसत होते.

संध्याकाळी साहेब कोटांचा ढीग घेऊन आले. त्यांच्या ओळखीच्या सगळ्या वकिलांची अस्तरं फाटलेली आहेत म्हणे. अट एकच, पायांना हात लावायचा नाही.

कप पुन्हा सुरू केला आहे. डब्याला राग आला तर येऊ दे.

तुझी ताई

६ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मी धुलाईघरात वाचलं आणि इतकी हसले की बायकांनी मला चादरींच्या गठ्ठ्यावर निजवलं. मग त्यांना वाचून दाखवलं. कप आला तेव्हा एक जण यंत्र बंद करून म्हणाली, ते पुन्हा वाच.

तिकीट काढलं, ताई. वीस तारखेला सकाळी पोचते. तुझा डबा मी येईपर्यंत उघडू नकोस. कुलूपवाले पत्रा कापायची कात्री माझ्याबरोबर देत आहेत. आणि तो खिडकीतला दुसरा कप आता मी पिईन, म्हणजे गरम तरी प्यायला जाईल.

भेटीला आसुसलेली,
धाकटी

१२ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मला राहवलं नाही. परवा डबा माझ्या कापडाच्या कात्रीनेच कापला. कोटांचे पैसे त्यात मिळवले आणि मोटर आली. पाय नुसता टेकवला की मशीन पळत सुटतं. पहिल्या दिवशी आनंदाच्या भरात उशीच्या अभ्र्याचं तोंडच शिवून टाकलं. गुडघे स्वस्थ बसून बघत होते.

कात्री मात्र कामातून गेली. कुलूपवाल्यांना सांग, नव्या कात्रीसाठी आणखी एक डबा करा, आणि या खेपेला झाकण ठेवा.

दुसऱ्या कपाचं म्हणशील, तर तो तुला मिळायचा नाही. तो ह्यांचा आहे. साहेबांना दिला तेव्हा अडचणीची वेळ होती. तुझ्यासाठी मी तिसरा करीन. दूधवाल्याला वीस तारखेपासून पाऊण लिटर सांगून ठेवलं आहे.

वाट बघते.
तुझी ताई