समोर फेक!

६ जानेवारी, सोमवार
हॅनाबाई आल्या! थेट नेदरलँड्सहून, लोहाऱ्याच्या आमच्या मातीच्या टेनिस कोर्टावर. खेळायच्या तेव्हा जगात दोनशेच्या आत नंबर होता, आता कोच. आमच्यात सामने लावून शनिवारची फायनल जिंकेल ती एकच पोरगी पुण्याच्या शिबिरासाठी निवडणार. पंचविशीनंतर प्रवेश नाही, आणि मार्चमध्ये मला पंचवीस पूर्ण. आता नाही तर कधीच नाही!

७ जानेवारी
आईचा प्रताप! पाहुणीच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून "खळ्यावानी सारवून टाकू" म्हणाली, आणि पहाटे शेजारच्या लीलाबाईंना घेऊन अख्खं कोर्ट शेणानं सारवलं. वर रांगोळीच्या रेघा! बॉल उसळेचना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॅनाबाई वाकल्या, वास घेतला आणि पोट धरून हसल्या. त्यांच्या गावच्या कोर्टाशेजारी गोठाच होता म्हणे. मग दिवसभर आम्ही पोरी कोर्ट खरवडत बसलो.

८ जानेवारी
बाईंना विचारलं, खेळणं का सोडलं? म्हणाल्या, "सोडलं कुठे? आता दुसऱ्यांच्या हातानं खेळते." छान बोलतात. पण ते मला कशाला? मला माझ्याच हातानं खेळायचंय.

१० जानेवारी
अर्पिता सर्व्हिस करताना अजून बॉल डोक्यामागे फेकते. तीन वर्षं सांगून जीभ झिजली. चौदा वर्षांची पोर, मीच शिकवलेली — आणि उद्या फायनलला समोर तीच! बरंच झालं. जिंकणार मी.

११ जानेवारी
लिहायलाही लाज वाटते. शेवटचा सेट. अर्पिताला एकच पॉइंट हवा होता, पण पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरी चुकली असती तर मी सावरले असते. तिनं बॉल पुन्हा मागे फेकला, कसाबसा झेलला. आणि मी गाढव, समोरून ओरडले — "समोर फेक!"

तिनं फेकला समोर. सर्व्हिस अशी सणसणत आली की मला हलताही आलं नाही. हरले!

सगळे हसले. अर्पिता मात्र रडत आली. "ताई, तू मले काहून सांगतलं?" काय सांगू? सवय!

१२ जानेवारी
अर्पिताची निवड झाली. दुपारभर रडले. आई म्हणाली, "आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला तुनं!" खरंच आहे. संध्याकाळी पोरीची बॅग भरायला गेले.

२० जानेवारी
सकाळी सहा ते आठ कोर्टावर. शिकायला पाच नव्या पोरी, एकीलाही रॅकेट धरता येत नाही. काय मजा आली! घरी येऊन पाहते तर माझी रॅकेट खुंटीलाच. दोन तासांत तिची आठवणही झाली नाही.